गोड न खाणारी झुरळं

हॉटेलच्या भटारखान्यात झुरळ दिसलं की मॅनेजर लोक एकतर किंचाळतात, नाहीतर ते झुरळ नव्हतंच असं सांगतात. या हॉटेलच्या मॅनेजरबाईंनी दोन्ही केलं नाही. त्यांनी अप्पांना बोलावून घेतलं, भांडी घासायच्या मोरीखाली वाकायला लावलं आणि हातातली विजेरी एका ठिपक्यावर धरली.

ठिपका अप्पांच्याच पेस्टचा होता. वाटाण्याएवढा, तपकिरी, चकचकीत. गेल्याच आठवड्यात अप्पांनी तो स्वतःच्या हाताने लावला होता. त्याच्या शेजारी एक झुरळ उभं होतं. त्याने मिशा पुढे करून ठिपका जरासा चाचपला, झटकन मिशा मागे घेतल्या आणि लग्नघरात नको असलेल्या नातेवाइकाला वळसा घालावा तसा त्या ठिपक्याला वळसा घालून ते निघून गेलं.

"बघितलंत?" मॅनेजरबाई म्हणाल्या.

"पोट भरलेलं असेल त्याचं," अप्पा मोरीखालूनच म्हणाले.

"सहा महिने?"

अप्पा उठले. म्हणजे आधी एक गुडघा उठला, मग विचारविनिमय होऊन दुसरा. शेगडीपाशी उभा असलेला आचारी हातातला झारा न थांबवता म्हणाला, "परवा तर एक जण पोराबाळांना घेऊन चालला होता, अप्पा. पेस्टवर कुणाचा पाय पडू दिला नाही त्याने. चांगल्या वळणाची आहेत हो."

"तू कांदा बघ तुझा," अप्पा म्हणाले.

मॅनेजरबाईंनी विजेरी बंद केली. "महिनाअखेरीला वरच्या मजल्यावर नवं जेवणघर सुरू होतंय. तोवर ही झुरळं गेली तर ठीक. नाही गेली, तर मी फवारणीवाल्यांना बोलावणार. मग तुमची पेस्ट या हॉटेलात परत येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट न वाटून घेणं अप्पांना शक्य नव्हतं. हे हॉटेल म्हणजे त्यांच्या पेस्टचं माहेर होतं. वीसेक वर्षांपूर्वी साखर, मैदा आणि बोरिक पावडर एकत्र मळून त्यांनी पहिली गोळी केली ती याच मोरीखाली ठेवायला. तेव्हा सकाळी केरसुणीने गोळा करावी लागत इतकी झुरळं उताणी पडायची. त्या यशावर दुकान उभं राहिलं, डबीवर अप्पांचा मिशीसकट फोटो आला आणि फोटोखाली 'आजन्म गॅरंटी' असे शब्द आले. जन्म कुणाचा, हे डबीवर लिहिलेलं नव्हतं आणि इतक्या वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं.

दुकानात परतल्यावर अप्पांनी पहिलं काम केलं ते बरणीकडे जाण्याचं. गल्ल्यामागच्या फळीवर एक मोठी काचेची बरणी होती आणि तिच्यात अप्पांची घरची झुरळं राहत होती. दुकान उघडलं त्या वर्षी हॉटेलातूनच धरून आणलेल्या जोडप्यांची ही वंशवेल. बिस्किटाचा चुरा खाऊन, पुठ्ठ्याच्या घड्यांमध्ये संसार करून ती तिथे पिढ्यानपिढ्या सुखाने नांदत होती. एखाद्या गिऱ्हाइकाने शंका काढली की अप्पा बरणीत हात घालत, हाताला येतील ती चार-पाच काढून काचेच्या ताटलीत सोडत आणि मध्ये पेस्टचा ठिपका ठेवत. झुरळं ठिपक्यावर तुटून पडत. गिऱ्हाईक डबी घेऊन जात असे. बाहेर काढलेलं झुरळ परत बरणीत टाकायचं नाही, हा अप्पांचा नियम होता. एकदा विष चाखलेल्याला घरात घेणं त्यांना बरं वाटत नसे.

आताही त्यांनी चार काढली. चौघांनी पेस्टवर झडप घातली.

"बघ!" अप्पा चिरंजिवांना म्हणाले. "माल चोख आहे. हॉटेलचंच काहीतरी बिघडलंय."

चिरंजीव चाळिशीचे होते आणि विक्रीकला नावाचा कसलासा अभ्यासक्रम करून आल्यापासून त्यांना प्रत्येक अडचणीत संधी दिसत असे. "अप्पा, मी काय म्हणतो, पेस्टला आता मानाने निरोप देऊ. फवारणीची एजन्सी घेऊ. त्यांचा गणवेश निळा असतो, टोपीसकट. फार रुबाबदार दिसतो."

"तू रुबाब करायला जन्मलास का झुरळं मारायला?"

याचं उत्तर चिरंजिवांना अभ्यासक्रमात शिकवलेलं नव्हतं.

अप्पांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी निष्कर्ष काढला की साखर कमी पडतेय. त्यांनी साखर दुप्पट केली. तरी गुण येईना, तेव्हा वाण्याशी हल्ली साखरेला पूर्वीची गोडी राहिली नाही म्हणून भांडून घेतलं. मग आजारी माणसाला पाण्यातून देतात ती ग्लुकोजची पावडर आणून पेस्टमध्ये मळली. ती पेस्ट इतकी गोड झाली की दुकानातल्या मुंग्यांनी नातेवाइकांना बोलावून घेतलं. अप्पांनी ती मोठ्या आशेने मोरीखाली लावली.

आचाऱ्याचा फोन आला. "अप्पा, अभिनंदन. मोरीखाली एकही झुरळ नाही."

"मी म्हणत नव्हतो?"

"सगळी माझ्या ओट्यावर आलीत. त्या तुमच्या पेस्टचा त्यांना त्रास होतोय म्हणे."

त्या दिवशी जेवताना अप्पांनी आमटीची वाटी बाजूला सारली आणि आपला सिद्धांत घरच्यांपुढे मांडला. झुरळं शिकली होती. पूर्वीची झुरळं भोळी होती. आताची शहाणी झाली, एकमेकांना सांगू लागली, म्हातारी झुरळं पोरांना बजावू लागली की बाळांनो, तपकिरी दिसेल त्याला तोंड लावू नका.

सूनबाई कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असत. त्या आठवड्यात उत्क्रांतीचा धडा चालू होता आणि मागच्या तीन बाकांनी तो धडा झोपेत पूर्ण केला होता. एरवी त्या सासऱ्यांच्या धंद्यात बोलत नसत. परंतु कुणीतरी आपणहून त्यांच्या विषयावर आलं होतं, आणि तेही जागं राहून.

"अप्पा, एक विचारू? ज्या झुरळाने पेस्ट खाल्ली, त्याचं पुढे काय होतं?"

"मरतं. दुसरं काय होणार?"

"मग पोरांना बजावायला कोण उरतं?"

अप्पांचा घास हातातच राहिला. चाखलेलं झुरळ आपलं मत नोंदवायला मागे राहत नाही, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

"म्हणजे शिकली नाहीत?"

"एकही शिकलेलं नाही. एकाही झुरळाची आवड जन्मभरात बदलली नाही. आता सांगा, तुमच्या थोरल्या बहिणीला गोड आवडायचं?"

"तिला? अगं, ती लहानपणापासून गोडाला नाक मुरडायची. कुणी शिकवलं नव्हतं. तशीच जन्मली."

"तशीच काही झुरळंही जन्मतात. हजारोंमध्ये एखादं. त्याच्या जिभेची घडणच अशी असते की गोड त्याला कडू लागतं. तुमची पेस्ट येण्याआधी त्या बिचाऱ्याचे हालच होते. भटारखान्यात जिकडेतिकडे साखर सांडलेली, सगळे भाऊबंद खाऊन धष्टपुष्ट होताहेत आणि हे आपलं कोपऱ्यात उपाशी. लग्न जमायची मारामार. मग एक दिवस मोरीखाली तुम्ही अवतरलात."

"बरं, मग?"

"मग तुम्ही त्याचे सगळे भाऊबंद मारून टाकलेत."

चिरंजीव हसले. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर ते आमटीकडे पाहू लागले.

"सगळा भटारखाना त्या एकट्याला मोकळा," सूनबाई सांगत राहिल्या. "गोडखाऊ मेले, हे उरलं. त्याला पोरं झाली. बापाची जीभ त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मिळाली. ज्यांना मिळाली नाही त्यांची व्यवस्था तुमच्या पुढच्या ठिपक्याने केली. झुरळाची पिढी तीन-चार महिन्यांची असते. वीस वर्षांत किती पिढ्या झाल्या असतील? आणि प्रत्येक पिढीची तुम्ही तीच एक परीक्षा घेतलीत. यालाच निवड म्हणतात, अप्पा. निसर्गही हेच करतो, फक्त त्याच्याकडे डबी नसते आणि डबीवर फोटो नसतो."

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना मारत होतो असं नाही. निवडत होतो."

"दोन्ही करत होतात."

"मग बरणीतली का खातात?"

"बरणीतून काढताना तुम्ही कधी त्यांना आवड विचारलीत? हाताला येईल ते काढलंत. गोडखाऊ आणि गोड न खाणारा, दोघांना सारखाच न्याय. म्हणून तिथे काही बदललं नाही. दोन्हीकडचे पणजोबा एकच. एक घर पेस्टच्या शेजारी वाढलं आणि दुसरं बिस्किटावर."

अप्पांना पटलं नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना सूर्य उगवल्याचंही पटत नसे. दुसऱ्या दिवशी ते तूप लावलेले काचेचे पेले घेऊन हॉटेलात गेले. पेल्यात पावाचा तुकडा ठेवला की झुरळ आत उतरतं आणि तुपावरून घसरून वर येऊ शकत नाही. दुपारची गर्दी ओसरल्यावर अप्पा ओट्याखाली पोटावर झोपले होते आणि आचारी त्यांच्या पायांवरून ये-जा करत होता.

"जिवंत नेताय?"

"हो."

"घरी?"

"दुकानात."

"आमच्याकडे काही कमी पडत होतं का त्यांना?" आचारी दुखावल्यासारखा म्हणाला.

दुकानात दोन काचेच्या ताटल्या शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. एकीत बरणीतली, दुसरीत हॉटेलातली. दिसायला फरक शून्य. तोच रंग, त्याच मिशा, तीच वेळीअवेळी पळायची सवय. सूनबाई कॉलेजातून परस्पर आल्या होत्या. चिरंजीव गिऱ्हाइकांना दारातच थोपवत होते. अप्पांनी दोन्ही ताटल्यांमध्ये ग्लुकोजवाल्या पेस्टचा एकेक ठिपका ठेवला.

बरणीतल्यांनी झडप घातली. हॉटेलातलं पहिलं झुरळ पुढे आलं, त्याने ठिपक्याला तोंड लावलं आणि ते असं मागे उडालं की अप्पाही खुर्चीत मागे सरकले. मग ते कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी तोंड पुसत बसलं. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्याने लांबूनच मिशा मागे घेतल्या.

वीस वर्षांचा धंदा ताटलीत तोंड पुसत बसलेला अप्पांनी पाहिला. सूनबाईंना वाटलं, आता म्हातारा खचणार. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

अप्पांनी पेला घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. "हे मी केलं?"

"म्हणजे, तुमच्या पेस्टने..."

"मीच केलं! माझ्या हाताने! अरे, इकडे ये!" त्यांनी चिरंजिवांना हाक मारली. "नवी प्रजाती काढलीय तुझ्या बापाने!"

"डबीवर छापू या?" चिरंजिवांनी तत्काळ विचारलं.

"काहीही छापू नका," सूनबाई म्हणाल्या. "अप्पा, नवी प्रजाती नाही ही. या दोन घरांची सोयरीक होते की नाही ते बघा. झाली आणि त्यांना धडधाकट पोरं झाली, तर प्रजाती अजून एकच."

अप्पांनी लगेच एक छोटी बरणी घेतली, तिच्यात घरचा एक नर आणि हॉटेलातली एक मादी सोडली आणि वधूपित्याच्या चिंतेने काचेला नाक लावलं. नराने रिवाजाप्रमाणे पंख उचलून पाठीवरचा गोडसर पाझर मादीपुढे केला. मादीने तो जरा चाटला आणि तोंड वाकडं करून बाजूला झाली.

"बघा," सूनबाई म्हणाल्या. "त्याने गोड दिलं आणि तिला ते कडू लागलं. म्हणून स्थळ मोडत नाही, पण जमायला वेळ लागतो. असंच फार फार पिढ्या चाललं, घरं एकमेकांपासून लांब राहिली आणि सोयरीक व्हायचीच थांबली, तर म्हणाल तेव्हा नवी प्रजाती. आपण कुणी बघायला नसू."

तिसऱ्या दिवशी लग्न लागलं. पोरं यथावकाश धडधाकटच होतील, म्हणजे प्रजाती एकच, असं सूनबाईंनी सांगून टाकलं. अप्पा जरासे हिरमुसले, तरी दोन्ही बाजूंनी त्यांचंच घर असल्याने त्यांना अभिमान वाटायचा राहिला नाही. "पुढारली मात्र आहेत हॉटेलातली," ते म्हणाले.

"तेही नाही. पेस्ट काढून घ्या, नुसती साखर ठेवा, मग हीच मागे पडतील. पुढे-मागे काही नसतं त्यात. जिथे राहायचं तिथे चालतं की नाही, एवढंच."

प्रश्न मात्र तसाच होता आणि महिनाअखेर जवळ येत होती. गोड नको, तर काय हवं? सूनबाईंनी प्रयोगशाळेतल्या शिस्तीने अंड्याचा बलक, शेंगदाण्याचा कूट आणि तेल अगदी मोजून मापून घेतलं, हात दोनदा साबणाने धुतले, बोरिक पावडर घालून गोळ्या वळल्या आणि हॉटेलातल्या झुरळांपुढे ठेवल्या. झुरळांनी पाहिलंसुद्धा नाही. सूनबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या.

अप्पांनी एक गोळी उचलून हुंगली. "गुलाबाचा साबण वापरतेस ना? हे खाणं नाही, हे न्हाणीघर झालं. आधी वास, मग चव. उद्या हाताला तेल लावून मी वळतो, माप तू घाल."

दुसऱ्या दिवशीच्या गोळीवर हॉटेलातली झुरळं अशी तुटून पडली की अप्पांना आपल्या तरुणपणाची आठवण झाली.

नवी पेस्ट घेऊन तिघं हॉटेलात गेली तेव्हा मॅनेजरबाईंच्या भटारखान्यातल्या टेबलावर फवारणीवाल्यांचं रंगीत पत्रक आधीच पडलेलं होतं. निळी टोपी घातलेला एक माणूस त्यावर हसत होता. अप्पांनी मोरीखाली ठिपका लावला. बाई स्वतः विजेरी घेऊन वाकल्या. थोड्या वेळाने एक झुरळ आलं, त्याने मिशा पुढे केल्या आणि मागे घेतल्याच नाहीत. आचाऱ्यानेही झारा थांबवला.

"हं," मॅनेजरबाई म्हणाल्या. "आणि याची गॅरंटी? आजन्म?"

चिरंजिवांनी मागून अप्पांच्या कोपराला कोपर लावलं. हो म्हणा, असा त्याचा अर्थ होता. 'आजन्म' या एका शब्दाचा प्रश्न होता, आणि तो शब्द डबीवर वीस वर्षं छापलेला होता. अप्पांनी सूनबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे पाहत होत्या.

"नाही," अप्पा म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे आज खातात. पण हजारात एखाद्याला अंडं आवडत नसेल. मी हीच पेस्ट लावत राहिलो तर काही वर्षांनी त्याचीच पोरं तुमच्या ओट्यावर दिसतील. पहिल्या पेस्टचं तेच झालं. झुरळं बिघडली नाहीत, बाई. मीच त्यांना तसं वाढवलं. आता एकच पेस्ट कायम लावणार नाही. कोणती झुरळं उरताहेत ती धरून बघत राहीन आणि न खाणारी वाढायच्या आत पेस्ट बदलीन. ते करायला मला इथे येत राहावं लागेल. गॅरंटी म्हणाल तर एवढीच."

चिरंजिवांनी डोळे मिटून घेतले. 

मॅनेजरबाईंनी टेबलावरचं पत्रक उचललं. "काल हे येऊन गेले. आजन्म गॅरंटी म्हणाले. मी विचारलं, कुणाच्या आजन्म? तर टोपी काढून डोकं खाजवायला लागले." त्यांनी पत्रकाची घडी घालून ती डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवली. "तुम्ही चुकलात, पण निदान कसे चुकलात ते तुम्हाला माहीत आहे. या तुम्ही. मात्र महिनाअखेरीला मला एकही दिसता कामा नये."

महिनाअखेरीला नवं जेवणघर सुरू झालं. पाहुण्यांनी पडद्यांचं कौतुक केलं, सूपचं केलं, दिव्यांचं केलं. झुरळ नसल्याचं कौतुक कुणी केलं नाही. ते कधीच कुणी करत नाही. आचारी तेवढा खाली येऊन अप्पांना म्हणाला, "सुनं सुनं वाटतं हो."

अप्पांची गोड पेस्ट डबीतून गेली. आपलं नाव तिच्याबरोबर गेलं म्हणून ते चार दिवस सुस्कारे टाकत होते. शेवटी सूनबाईंनी समजूत घातली. "बाद नाही झाली ती, अप्पा. रजेवर आहे. गोडाचं विष बंद झालं की साखर पुन्हा फायद्याची होणार. जे थोडे गोडखाऊ राहिलेत त्यांची पोरं जास्त पोसली जाणार. काही वर्षांनी तुमची पेस्ट परत चालेल."

हे ऐकल्यावर अप्पांना धीर धरवेना. पुढच्या फेरीला ते मॅनेजरबाईंना एका बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "एक विनंती होती. त्या मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असं, रोज चिमूटभर साखर सांडू दिली तर..."

"अप्पा," मॅनेजरबाई म्हणाल्या, "माझ्या भटारखान्यात झुरळांचा वंश सुधारायचा नाही."

"सुधारणा नाही हो, बाई," अप्पा गंभीरपणे म्हणाले, "नुसता बदल," आणि एक गुडघा आधी टेकत शीतपेटीच्या मागे ठिपका लावायला वाकले.